शमिकाची गूळतुला

नेहरू नगर, भोपाळ
९ नोव्हेंबर २०२५

मंजू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. सगळे आहेत आणि आपापल्या जागी बसून मला सल्ले देताहेत. फोनच करणार होते, पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. मी एक वाक्य बोलते, तू 'ताई, आधी ऐकून घे' म्हणतेस, आणि थोड्याच वेळात एकीचा फोन आपोआप कट होतो. कागदावर तुला मला मधेच तोडता येणार नाही, म्हणून पत्र.

ही दुसरी दिवाळी तू आली नाहीस. मी बोलावलं नव्हतं, हेही खरं. त्या वेळचं मी काही उकरून काढत नाही. जेवत्या शमिकाच्या पुढचं ताट ओढलंस, हातातली चकली काढून घेतलीस, ते मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. हं, काढत नाही म्हणता म्हणता काढलंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आई माझ्याबद्दल उगीच नाही म्हणायची.

मुद्द्यावर येते. शमिकाच्या शाळेत मागच्या महिन्यात आरोग्य तपासणी झाली. तिसरीची सगळी मुलं रांगेत उभी केली, उंची मोजली, वजन केलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड दिलं. हिरवं म्हणजे बरोबर, पिवळं म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे काय ते तू समजशील. आमच्या शमिकाबाईंना लाल मिळालं. लाल कार्डवाल्या मुलांना वर्गात आता 'रेड गैंग' म्हणतात. मेघाला राग आला, कौस्तुभला वाईट वाटलं, आणि मी म्हटलं, फेका ते कार्ड. मी ते हातात घेऊन पाहिलंसुद्धा नाही. सून आकडा सांगायला लागली तर मी कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले.

मला वाटलं, पोर आहे, चार दिवसांत विसरेल. पण मंजू, ती डबा खात नाही. पोळी-भाजी जशीच्या तशी परत येते. घरी आली की पोट दुखतं म्हणते. परवा मी साबुदाण्याची खिचडी केली, ती तर तिची जीव की प्राण, तर दोन घास घेऊन म्हणाली, 'आजी, बस. मैं मोटी हूँ ना.' अगदी साध्या आवाजात म्हणाली, मी तिसरीत आहे म्हणावं तशी. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तुला खोटं वाटेल, पण मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आणि नेमका तेव्हाच कौस्तुभने मला तुझा तो कार्यक्रम मोबाइलवर दाखवला, 'लठ्ठपणा ही साथ आहे का?' तू एका बाजूला, समोर ते दाढीवाले प्राध्यापक. साडी छान होती, निळा तुला नेहमीच खुलतो. तू म्हणालीस, होय, साथच आहे आणि आता ती मुलांमध्ये आली आहे. ते म्हणाले, वजन म्हणजे रोग नव्हे, जाडी आणि धडधाकट माणसंही पुष्कळ असतात. साथ-साथ म्हणून ओरडलं की नुसती भीती पसरते, त्या भीतीवर लोक पावडरी नि गोळ्या विकतात, आणि जाड्या पोरांची चेष्टा होते ती वेगळीच. मी इथे बसून टाळी वाजवली. त्या गृहस्थांचं मला पटलं, आणि ते तुझ्यासमोर बसले होते म्हणून जरा जास्तच पटलं.

अगं, साथ म्हणजे काय? साथ म्हणजे पटकी, साथ म्हणजे कोरोना. शेजारच्याला झालं की आपल्याला होणार. मी अशी जाडजूड चाळीस वर्षं ह्यांच्याशेजारी झोपते, ह्यांना लागण झाली का? भेलच्या कारखान्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, घरी बसून माझ्या हातचं खातात, तरी अजून काठीला सदरा घातल्यासारखे दिसतात.

आता खरी अडचण सांगते. शमिका दिवस भरायच्या आधी झाली, काचेच्या पेटीत होती, ते तू विसरणार नाहीस. तूच पुण्याहून रजा टाकून आली होतीस आणि आपण दोघी आळीपाळीने त्या काचेपाशी बसायचो. डॉक्टरही आपल्या नजरेला नजर देत नव्हते. तेव्हा मी दत्ताला बोलले होते, ही पोर जगू दे, आठ वर्षांची होऊ दे, तिच्या वजनाइतका गूळ तुझ्या दारात वाटीन. एका पारड्यात पोर, दुसऱ्या पारड्यात गूळ. आता तिला आठ पूर्ण झाली. दत्तजयंती चार डिसेंबरला आहे आणि नेमकी गुरुवारी आली आहे. देवळातल्या विनायक गुरुजींना मी केव्हाच सांगून ठेवलंय. आणि शमिका म्हणते, सगळ्यांसमोर वजन करणार नाही.

ज्या वजनासाठी मी देवापुढे पदर पसरला, ते आता पोरीला लपवावंसं वाटतंय. नवस मोडला तर माझं काय व्हायचं ते होवो, पण पोर अशी स्वतःच्याच अंगाला लाजून बसली तर ते मला बघवणार नाही. काय करू सांग. डॉक्टर म्हणून सांग. बहीण म्हणून सांगायचं असेल तर तेही चालेल, पण मग ओरडायचं नाही.

बाकी ठीक. थंडी पडायला लागली. मी चहातली साखर सोडली, उगीच, चव बदल म्हणून.

शशीताई


नेहरू नगर
१८ नोव्हेंबर

मंजू,

तुझं पत्र आलं. टाईप केलेलं! परिच्छेदांना आकडे घातलेले! अगं, बहिणीला लिहितेस की सरकारला? पण लिहिलंस, इतक्या लगेच लिहिलंस, मला बरं वाटलं. पाकीट फोडायच्या आधी मी ते थोडा वेळ नुसतं हातात धरून बसले होते.

दोन नंबरचा परिच्छेद मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. 'ताई, साथ हा शब्द मी जाड माणसांना नावं ठेवायला वापरत नाही. पटकीची साथ आली तर आपण रोग्याला रागावत नाही, विहिरीचं पाणी तपासतो. मुलांच्या भोवतालचं पाणी बिघडलंय, एवढंच मला म्हणायचं आहे.' ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, 'बरोबर बोलते ती.' चाळीस वर्षांत मला कधी असं म्हणाले नाहीत.

बरं, तपासू या पाणी. शाळेत कँटीन आहे, तिथे समोसा, चाऊमीन आणि कोल्ड्रिंक. मैदान होतं, तिथे आता शाळेच्या बसेस उभ्या राहतात. खेळाचा तास गणिताच्या बाई घेतात. घरी आलं की ट्यूशन. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या, पोरांनी लंगडी घालायची कुठे? आपण लहानपणी जे खात होतो त्याच्या दुप्पट पळत होतो. हे सगळं मला दिसतं, मी आंधळी नाही. पण मग ते लाल कार्ड शमिकाच्या हातात का दिलं? कँटीनवाल्याला द्यायचं, मैदान खाणाऱ्याला द्यायचं. विहिरीचं पाणी नासलं तर तहानलेल्या पोराच्या गळ्यात पाटी बांधतात का? याचं उत्तर दे, आणि हवं तर आकडा घालून दे.

चार नंबरच्या परिच्छेदात 'घरातला आग्रह' एवढे दोनच शब्द लिहून तू पुढे सटकलीस. मला कळलं हो. म्हणजे आमचं स्वयंपाकघरही त्या विहिरीत धरलंस. मंजू, आग्रह म्हणजे काय फक्त तूप आणि साखर? पाहुणा नको म्हणणार, आपण वाढणार, तो पुन्हा नको म्हणणार, आपण पुन्हा वाढणार, यात जी माया आहे ती कुठल्या तक्त्यात मोजता तुम्ही? भोपाळच्या मराठी मंडळींत शशीकाकूंच्या घरून कुणी अर्ध्या पोटी गेलेला नाही, हे माझं नाव आहे. तेवढंच एक नाव मी कमावलंय. खाऊन माजावं पण टाकून माजू नये, हे आईने आपल्या दोघींनाही शिकवलं. तू टाकायला कधी शिकलीस कोण जाणे.

चिडून लिहिलंय, पण खोडत नाही. मन थाऱ्यावर नाही माझं. डबा अजून तसाच परत येतो. काल मी तिच्या दप्तरात हळूच गुळाचा खडा ठेवला होता, तो मुंग्यांसकट घरी आला. मेघा रागावली, मुंग्या तिला निस्तराव्या लागल्या. आणि पोरगी आता आंघोळीनंतर आरशाकडे पाठ करून फ्रॉक घालते. हे मी पाहिलं, आणि दिवसभर माझा कशात जीव लागला नाही.

गुरुजी विचारत होते, 'काकू, करेली गावचा गूळ मागवायचा आहे, वजन काय धरू?' मी म्हटलं, धरा तुमच्या हिशेबाने. आठ वर्षांची पोर ती, तिचं असं काय असणार. पोर पारड्यात बसणार की नाही याचाच पत्ता नाही, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

सकाळी मी हल्ली कोटऱ्याच्या मंडईपर्यंत भाजीला जाते. दारात हातगाडी येते, पण तिकडची भाजी जास्त ताजी असते.

शशीताई

ता. क. मंजूषा, पत्र चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून ह्या दोन ओळी. शशीला ऑगस्टमध्ये शुगर निघाली आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. भाजी वगैरे काही नाही, रिकामी पिशवी घेऊन जाते आणि रिकामी घेऊन येते. तिने तुला कळवलं नसणार म्हणून कळवतो. तिला माझं नाव सांगू नकोस. नरहर


नेहरू नगर
२६ नोव्हेंबर

मंजू,

हे पत्र मी स्वतः चिकटवणार आणि स्वतः टी. टी. नगरच्या पोस्टात नेऊन टाकणार. घरचा भेदी लंका दहन, आमच्याकडे तो सकाळी पेपर वाचत बसतो. 'माझं नाव सांगू नकोस' म्हणे! नाव झाकून तू त्या दोन ओळींचा फोटो पाठवलास, पण अक्षर काय शेजाऱ्याचं होतं?

हो, निघाली शुगर. मग? तुला का सांगितलं नाही विचारतेस? तू 'मी सांगत होते' म्हणाली असतीस म्हणून. ते वाक्य ऐकायची माझी तयारी नव्हती. आणि तू ते म्हणालीच नाहीस! रविवारी तुझा फोन आला, 'ताई, गोळी वेळेवर घेतेस ना?' एवढंच विचारलंस. तिकडे तुझ्या घरातल्या घड्याळाचे ठोके ऐकू येत होते, आणि कुणी फोन कट केला नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

त्या दाढीवाल्या प्राध्यापकांना भेटलीस तर माझा निरोप दे. जाडी पण धडधाकट माणसं असतात म्हणाले, असतील बापडी, पण मी त्यांच्यातली निघाले नाही. तरी भीतीबद्दल ते जे बोलले ते मी सोडायला तयार नाही. आमच्या घरात रोगाच्या आधी भीतीच येऊन बसली आहे, आणि ती सगळ्यात लहान माणसाच्या ताटात बसली आहे.

आता तुझ्या पत्राबद्दल. या वेळी हाताने लिहिलंस, आकडे न घालता, शाबास. त्यातला तो भाग मी किती वेळा वाचला असेल. 'कमी वजनाची जन्मलेली मुलं पुढे भराभर अंग धरतात, तेव्हा त्यांना शुगरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. शमिका काचेच्या पेटीत होती तेव्हापासून ही भीती माझ्या मनात आहे. त्या दिवाळीला म्हणून माझा हात गेला. ताट ओढायला नको होतं, ताई.'

अगं, इतकी वर्षं हे पोटात ठेवून बसलीस? मला आधी का नाही बोललीस? मी तरी तिला कशासाठी भरवत होते? ती इतकीशी होती म्हणूनच ना. तिच्या पोटात एक घास जास्त गेला की मला वाटायचं, चला, त्या पेटीपासून पोर आणखी थोडी लांब आली. आणि तू घास काढून घेत होतीस, तोही त्या पेटीच्याच भीतीने. म्हणजे दोघी एकाच गोष्टीला घाबरत होतो आणि ओरडत होतो एकमेकींवर. वाचताना मला हसू आलं आणि रडूही आलं. हे म्हणाले, 'काय झालं?' मी म्हटलं, तुम्ही तुमचा पेपर वाचा.

मग मी उठले आणि शाळेत गेले. मेघा नको म्हणत होती, कौस्तुभ म्हणाला, 'आई, तिथे भांडू नकोस.' मी कुठे भांडते? प्रिन्सिपल बाई तशा चांगल्या आहेत. मला खुर्ची दिली, म्हणाल्या, 'आंटीजी, ये एपिडेमिक है, बच्चों को अवेयर करना पड़ेगा.' मी म्हटलं, 'मैडम, कुएँ का पानी ख़राब है तो प्यासे बच्चे को डाँटेंगे क्या?' तुझी विहीर मी बेधडक माझी म्हणून वापरली, राग मानू नकोस. त्या हसल्या. मी शमिकाचा डबा, आरसा, रेड गैंग, सगळं सांगितलं, तेव्हा हसायच्या थांबल्या. रेड गैंगचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

पण त्यांनीही मला एक गोष्ट सांगितली. ह्याच तपासणीत एका मुलाचं वजन बघून पुढची रक्ततपासणी केली आणि शुगर खरंच खूप वाढलेली निघाली. आईबापांना पत्ताही नव्हता. माझी स्वतःची शुगर चक्कर येऊन पडल्यावर कळली, पडले नसते तर मी आजही खुशाल बासुंदी ओरपत बसले असते. (हे पडल्याचं ह्यांनी लिहिलं नव्हतं ना? आता मीच लिहून बसले.) तर तपासणी हवी, हे मी कबूल केलं. कार्ड पोरांच्या हातात न देता बंद पाकिटात आईबापांना द्यावं, हे त्यांनी कबूल केलं. खेळाचा तास गणिताच्या तावडीतून सोडवते म्हणाल्या. समोशाचं मात्र काही ठरलं नाही. समोसा बाईंनाही आवडतो असं दिसलं.

राहिली गूळतुला. तू लिहिलंस, 'तिलाच विचार.' आठ वर्षांच्या पोरीला नवसाचं विचारायचं? आपल्याला कधी कुणी काही विचारलं होतं? पण म्हटलं, डॉक्टर सांगतेय तर हेही औषध घेऊन बघू. गच्चीवर उन्हात तिच्या वेण्या घालत होते, तेव्हा तिला पेटीची सगळी गोष्ट सांगितली. अपशकुन म्हणून आजवर घरात कुणी तिच्यापाशी तो विषय काढला नव्हता. ती मान न हलवता ऐकत राहिली. मग म्हणाली, 'मैं मर जाती क्या?'

मी म्हटलं, 'नाही मेलीस ना? हट्टी आहेस म्हणून नाही मेलीस.'

'तो गुड़ क्यों?'

'तू वाढलीस म्हणून. जितकी वाढलीस, तितका गूळ.'

'ज़्यादा वाढले तरी?'

'मग जास्त गूळ,' मी म्हटलं. 'देव काय कार्ड देतो होय?'

बसते असं म्हणाली नाही, नाही बसत असंही म्हणाली नाही. खाली पळाली. मी गुरुजींकडे जाऊन सांगून आले, त्या दिवशी पोर नको म्हणाली तर मी तिला धरून बसवणार नाही, नवसाचं मी देवाशी बोलून घेईन. गुरुजी म्हणाले, 'काकू, देव कुठे पळून जात नाही.' तरी निघताना मी दत्तापुढे दोनदा नाक घासलं, खोटं कशाला सांगू. आठ वर्षं उराशी धरलेला नवस आहे.

शशीताई


नेहरू नगर
५ डिसेंबर

मंजू,

काल फोनवर तुला काही सांगता आलं नाही, सगळे एकदम बोलत होते. आता घर रिकामं आहे, सविस्तर लिहिते.

देवळात दत्तजन्माची गर्दी. मंडपाच्या कोपऱ्यात गुरुजींनी धान्याच्या गोदामातून आणलेला मोठा तराजू टांगलेला, साखळ्यांना झेंडूच्या माळा. एका बाजूला गुळाच्या भेल्या रचून ठेवलेल्या. शमिका हिरवं परकर-पोलकं घालून आली, पण मेघाच्या पदराआड. तराजू बघितला आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. मंजू, माझ्यासारख्या बाईला काही न बोलणं किती अवघड गेलं ते तुला एकटीलाच समजेल.

तिने आजोबांना विचारलं, 'मैं जब डिब्बे में थी, तब कितनी थी?' ह्यांनी राशीतली एक भेली उचलली आणि तिच्या हातात दिली. 'एवढी. किंचित कमीच.' तिने ती दोन्ही हातांत धरली. मग छातीशी घेतली, बाळ घेतात तशी, आणि वाकून बघत राहिली. 'बस? इतनी सी?' मेघा दुसरीकडे तोंड करून डोळे पुसत होती. मी पुसलेही नाहीत, वाहू दिले.

मग पोरीने ती भेली नेऊन स्वतःच्या हाताने गुळाच्या पारड्यात ठेवली. म्हणाली, 'अब बाकी का रखो,' आणि परकर सावरून समोरच्या पारड्यात जाऊन बसली. कुणी सांगितलं नाही, कुणी धरलं नाही.

गुरुजी मंत्र म्हणताहेत, कौस्तुभ भेल्या चढवतोय. चढवतोय, चढवतोय, आणि भेल्या संपल्या. शमिकाचं पारडं जागचं हललं नाही! गुरुजींचा मंत्र मधेच थांबला. सगळ्या बायका आमच्याकडे बघताहेत आणि बघत नाही असं दाखवताहेत. वाटलं, झालं, ज्याला भीत होतो तेच झालं, सगळ्या गावासमोर झालं. आता ही उतरणार, पळणार, आणि पुन्हा कधी पोटभर जेवणार नाही.

घोटाळा कसा झाला ते नंतर उलगडलं. मी गुरुजींना वजन सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी मेघाला विचारलं. मेघाने आईच्या मायेने थोडं कमी सांगितलं. मग त्यांनी खात्री करायला ह्यांना विचारलं, तर ह्यांनी, सुनेने खरा आकडा सांगितला असणार, उगीच पोरीची चर्चा नको, म्हणून आणखी थोडं कमी केलं. आणि गुरुजींनी मनाशी म्हटलं, मुलीच्या वजनाचा नाजूक विषय, फार मोठी रास बघून पोर बिचकायची, म्हणून त्यांनीही थोडा कमीच मागवला. सगळ्यांनी सभ्यपणा केला आणि सगळ्यांच्या सभ्यपणाने मिळून पोरीला भर मंडपात खाली बसवून ठेवलं. त्या लाल कार्डावर निदान आकडा तरी खरा होता, आणि तो बघायला मीच नकार दिला होता.

तर परत मंडपात. शमिकाने समोरच्या पारड्याकडे बघितलं, रिकाम्या झालेल्या पोत्याकडे बघितलं, आमच्या सगळ्यांच्या पडलेल्या चेहऱ्यांकडे बघितलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाली, 'गुरुजी, गुड़ कम है!'

मग गुरुजींनी कपाळावर हात मारला, 'अगं हो गं बाई, गूळच कमी आणला मी! चूक माझी!' आणि सगळा मंडप हसायला लागला, पण तिला नव्हे, गुरुजींना. तीही हसली. दात दाखवून, मान मागे टाकून, महिन्याभरात पहिल्यांदा हसली. मी दत्ताकडे बघितलं आणि मनातल्या मनात म्हटलं, फिटला रे बाबा माझा नवस, आता गूळ येवो न येवो.

कौस्तुभ आणि हे गाडी काढून गूळ आणायला पळाले. आम्ही म्हटलं, उतर बाळा तोवर. तर म्हणाली, 'नहीं उतरूँगी, मेरा नंबर है.' आणि पारड्यात बसून झोके घ्यायला लागली. साखळ्या करकरताहेत, झेंडूच्या पाकळ्या गळताहेत, गुरुजी 'अगं तुटेल, तुटेल' करताहेत. गर्दीत तिच्या वर्गातली एक मुलगी होती, पिवळ्या कार्डातली, ती येऊन विचारते, 'मैं भी बैठूँ?' शमिका म्हणाली, 'तेरी आजी से पूछ, नवस करना पड़ता है.'

गूळ आला. भेल्या चढल्या आणि ती हळूहळू वर गेली. मंजू, ती वर गेली तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या, स्वतःसाठी. तू असायला हवी होतीस, असं मला फार वाटलं. पेटीपाशी माझ्याबरोबर जी बसली होती तीच तिथे नव्हती. संक्रांतीला ये. ये म्हणजे यायचंच, रजा नाही वगैरे मी ऐकणार नाही. तुला तिच्या आहाराबद्दल जे बोलायचं असेल ते मेघाशी बोल, ती लिहून घेईल, आणि माझ्याबद्दलचं माझ्याशी बोल, मी ऐकून घेईन. तिचं वजन वाढलेलं आहे हे मी आता तोंडाने म्हणू शकते. तिला आणि मला दोघींनाही ते सांभाळायचं आहे. संध्याकाळी ती माझ्याबरोबर कोटऱ्यापर्यंत चालायला येते, पिशवी घरी ठेवून. पण तिला लाजवून काही करायचं नाही, हे मात्र मी तुला पत्रातच बजावून ठेवते.

देवळातून घरी आलो तेव्हा ती भुकेने कासावीस झाली होती. 'आजी, गूळ-तूप-पोळी,' म्हणत ओट्याशी येऊन उभी राहिली. मी पोळ्या लाटल्या. पाटावर बसून, बोटं चाटत, मचमच आवाज करत खाल्ली तिने. दुसरी मागितली, मी वाढली. तीही संपवली. मी तिसरी घेऊन वळले तर तिने ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाली, 'आजी, पुरे. पेट भर गया.'

मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. घाबरून म्हणत नव्हती. तूप हनुवटीला लागलेलं होतं, डोळे जड झाले होते, आणि पोट भरलं होतं म्हणून ती पुरे म्हणत होती. माझ्या हातात गरम पोळी होती, वर तूप सोडलेलं, आणि जिभेवर 'अगं, एवढीशी तर आहे' आलेलं होतं.

मी पोळी डब्यात परत ठेवली.

तुझी,
शशीताई